नीट पुन्हा द्यायची ठरवताना: गुणांचा हिशेब, बदललेला अभ्यासक्रम, कागदपत्रं आणि कौन्सिलिंगचे सापळे

कातळकडा | २१ जून २०२५, रात्री ९:१०

१४ जूनला नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यापासून सगळीकडे एकच प्रश्न आहे, 'इतके गुण पडलेत, रिपीट करावं का?' या प्रश्नात गुण दिलेले असतात आणि नेमकी तीच माहिती सर्वांत कमी कामाची असते. म्हणून हा धागा. ज्यांना या विषयातलं नीट ठाऊक आहे त्यांनी नेमकी माहिती द्यावी, म्हणजे मुलांना एकाच जागी सापडेल.

सुरुवात मी करतो. दोन वर्षांचे गुण एकमेकांशेजारी ठेवू नका, रँक ठेवा. २०२४ मध्ये ६०० गुणांना पाऊण लाखाच्या पुढची रँक होती. २०२५ मध्ये ६०१ ते ६५० या पट्ट्यात देशभरात १,२५९ विद्यार्थी आहेत आणि ६५१ च्या वर फक्त ७३. देशातला पहिला ६८६ वर आहे. खुल्या गटाची पात्रता २०२४ मध्ये १६२ गुणांना होती, ती यंदा १४४ ला आली. मागच्या वर्षी ५६० असलेल्या मुलाला यंदा ५२० पडले असतील तर तो मागे गेला असं घरात बोललं जातं. प्रत्यक्षात तो बराच पुढे सरकलेला असतो.

दुसरं, 'पात्र' या शब्दाने फसू नका. यंदा १२ लाखांहून जास्त मुलं पात्र आहेत आणि देशात एमबीबीएसच्या जागा आहेत साधारण १ लाख १८ हजार, त्यातल्या सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. त्यामुळे निर्णयासाठी कागदावर तीन आकडे लिहा: अखिल भारतीय रँक, आपल्या प्रवर्गातली राज्यातली अंदाजे जागा, आणि गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गात राज्य कोट्यातून शेवटचा सरकारी प्रवेश कोणत्या रँकला झाला तो आकडा. तिसरा आकडा सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश करणारी यंत्रणा) फेरीनिहाय निवड याद्यांमध्ये मिळतो. पहिल्या फेरीची यादी पाहून घाबरू नका, शेवटच्या फेरीची पाहा. दोन्हींत बरंच अंतर असतं.

---

सरळरेषा | २१ जून, रात्री १०:०२

कातळकडा यांनी रँकचं सांगितलं ते बरोबर, पण रिपीट करून किती फरक पडेल हे रँकवरून कळत नाही. ते कळतं बरोबर, चूक आणि कोरे हे तीन आकडे वेगळे केल्यावर.

उदाहरण घ्या. दोघांना ४८० गुण आहेत.

पहिल्याचे १३० बरोबर, ४० चूक, १० कोरे: ५२० वजा ४०.
दुसऱ्याचे १२२ बरोबर, ८ चूक, ५० कोरे: ४८८ वजा ८.

गुण तेच, रँकही जवळपास तीच, पण दुखणं अगदी वेगळं. पहिल्याने जवळपास सगळा पेपर हाताळलाय, म्हणजे वेग आहे. पण दर चार-पाच उत्तरांमागे एक चुकतंय. त्याचा प्रत्येक चुकीचा प्रश्न बरोबर झाला की ५ गुण वाढतात, कारण ४ मिळतात आणि गेलेला १ परत येतो. त्याला नवा क्लास नको, जुन्याच गोष्टी पक्क्या करायच्या आहेत. दुसऱ्याचं येतं तेवढं पक्कं आहे, पण ५० प्रश्नांना तो पोचलाच नाही, किंवा ते धडेच झाले नव्हते. त्याला अभ्यासक्रम पूर्ण करायचाय आणि वेग वाढवायचाय.

दोघांनाही एकाच रिपीटर बॅचमध्ये बसवून पहिल्या धड्यापासून सगळं शिकवलं जातं. पहिल्याचे सहा महिने तिथेच जातात.

---

पानगळ | २१ जून, रात्री १०:३१

हे तीन आकडे काढायचे कसे? स्कोअरकार्डवर विषयवार गुण आणि पर्सेंटाइलच येतात.

---

सरळरेषा | २१ जून, रात्री १०:४८

प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. ओएमआरची (गोळे भरायची उत्तरपत्रिका) मूळ प्रत आणि कार्यालयीन प्रत दोन्ही केंद्रावर जमा होतात. उत्तरसूचीवर हरकती मागवतात तेव्हा स्कॅन केलेली ओएमआर आणि नोंदलेली उत्तरं लॉगिनमध्ये दिसतात. ती उतरवून घेतली असेल तर उत्तमच. अंतिम उत्तरसूची, पुस्तिकेचा कोड आणि ओएमआर शेजारी ठेवून १८० ओळींचा तक्ता करा. दोन तासांचं काम आहे.

प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर लिहा. 'न' म्हणजे विषयच माहीत नव्हता. 'अ' म्हणजे अर्धवट आठवलं. 'व' म्हणजे प्रश्न वाचण्यात चूक. 'ग' म्हणजे आकडेमोड. 'भ' म्हणजे उत्तर बरोबर काढलं, पण गोळा भलताच भरला. 'व', 'ग' आणि 'भ' मिळून १५ च्या वर जात असतील तर पाऊणशेहून जास्त गुण तिथेच पडून आहेत. त्यासाठी एकही नवा धडा वाचायला लागणार नाही.

ज्यांनी पुस्तिका रद्दीत घातली असेल त्यांनी आजच शोधून काढा. रिपीटरसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे.

---

निशिगंध | २२ जून, सकाळी ७:१५

वरच्या 'व' बद्दल थोडं. चुकांची वही सगळे क्लासवाले सांगतात, पण मुलं त्यात लिहितात 'कपॅसिटर पुन्हा वाचणे'. अशा नोंदीचा काही उपयोग नाही. कपॅसिटर त्याने चार वेळा वाचलेला आहे.

नोंद अशी हवी. प्रश्न: समांतर पट्ट्यांच्या कपॅसिटरमध्ये के डायलेक्ट्रिक स्थिरांकाची पाटी सरकवली, साठलेली ऊर्जा किती? माझं उत्तर: के पट. बरोबर उत्तर: के ने भागून. का चुकलं: 'बॅटरी काढून घेतल्यानंतर' हे शब्द वाचले नाहीत. बॅटरी जोडलेली असेल तर व्होल्टेज तेच राहतं, प्रभार के पट, ऊर्जा के पट. बॅटरी काढली तर प्रभार तोच, व्होल्टेज के ने भागून, ऊर्जाही के ने भागून. पुढच्या वेळी काय करायचं: कपॅसिटर दिसला की 'बॅटरी' या शब्दाखाली आधी रेघ.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती एखादी कृती असली पाहिजे, पेपरात हाताने करता येईल अशी. 'नीट वाचणे' ही कृती नाही, 'रेघ मारणे' ही कृती आहे. जीवशास्त्रात 'खालीलपैकी चुकीचे विधान कोणते' असलं की 'चुकीचे' शब्दाभोवती गोल. जोड्या लावा असेल तर ज्या एका जोडीची शंभर टक्के खात्री आहे तिथून पर्याय खोडायला सुरुवात.

वही दर रविवारी पहिल्या पानापासून वाचायची. तीच चूक तिसऱ्यांदा आली तर तो धडा पुन्हा शिकायचा, फक्त वाचायचा नाही.

---

भीमाकाठ | २२ जून, सकाळी ९:४०

जुन्या नोट्सवर रिपीट करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना.

२०२४ च्या परीक्षेपासून एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, अभ्यासक्रम बदलला. रसायनशास्त्रातून स्थायू अवस्था, पृष्ठभाग रसायन, हायड्रोजन, एस-ब्लॉक, धातुविज्ञान, पॉलिमर, पर्यावरण रसायन, दैनंदिन जीवनातलं रसायन हे धडे गेले. जीवशास्त्रातून पचन व शोषण, वनस्पतींमधलं वहन, खनिज पोषण वगैरे गेलं. २०२३ किंवा त्याआधीचं क्लासचं मटेरियल एखाद्या दादा-ताईकडून घेतलं असेल तर त्यातले हे भाग आधीच बाजूला काढा.

उलटी चूक जास्त महागात पडते. 'फक्त नवं एनसीईआरटी वाच, बाकी काही नको' असं सर्रास सांगतात. पण एनसीईआरटीने पुस्तकं कमी केली ती वेगळी आणि एनएमसीने अभ्यासक्रम बदलला तो वेगळा, दोन्ही शंभर टक्के जुळत नाहीत. बारावीच्या नव्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पी-ब्लॉकचा धडाच नाही, पण नीटच्या अभ्यासक्रमात गट १३ ते १८ आहेत. त्यासाठी जुनी आवृत्ती लागते. वनस्पतींच्या कुळांचंही तसंच. अभ्यासक्रमात माल्व्हेसी, क्रूसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी अशी नावं आहेत, ती नव्या पुस्तकात सापडत नाहीत. भौतिकशास्त्रात प्रयोगकौशल्यं आणि रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांची तत्त्वं हे भाग नव्याने आलेत. व्हर्निअर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, अनुमापन, क्षारांचं विश्लेषण हे बारावीच्या प्रात्यक्षिक वहीतून नीट करता येतं.

एनएमसीचा अभ्यासक्रम छापून घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर ती कोणत्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते लिहा. कुठलंच पान नसलेल्या ओळी थोड्याच निघतील. त्यांच्यासाठीच वेगळं पुस्तक शोधायचं.

राज्य मंडळाच्या मुलांनी अजून एक ध्यानात ठेवावं. आपल्या पुस्तकांत बऱ्याच धड्यांची अकरावी-बारावीची विभागणी एनसीईआरटीपेक्षा वेगळी आहे. 'अकरावी संपली' असं पुस्तकावरून ठरवू नका, अभ्यासक्रमाच्या यादीवरून ठरवा.

---

ओळंबा | २२ जून, दुपारी १२:०५

अभ्यासावर भरपूर आलं. मी नियमांचं लिहितो, कारण दरवर्षी काही मुलं अभ्यासात नाही, नियमात अडकतात.

परीक्षा किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही. वयाची वरची अटही २०२२ मध्ये एनएमसीने काढून टाकली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवीत, एवढीच अट आहे. रिपीटर म्हणून एकही गुण कापला जात नाही. समान गुण असले तर आधी जीवशास्त्र, मग रसायन, मग भौतिक, मग चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण बघतात. कितवा प्रयत्न आहे हे कुठेच येत नाही.

आता खरा सापळा. यंदाच्या कौन्सिलिंगमध्ये (निकालानंतरच्या जागावाटपाच्या फेऱ्यांत) 'जागा मिळाली तर बघू, नाहीतर रिपीट' म्हणून जे उतरणार आहेत त्यांनी हे दोनदा वाचा. एमसीसीच्या (अखिल भारतीय कोट्याचे प्रवेश करणारी केंद्राची समिती) गेल्या वर्षीच्या नियमांप्रमाणे:

पहिल्या फेरीत जागा मिळाली आणि घेतली नाही तर काही तोटा नाही. अनामतही शाबूत.
दुसऱ्या फेरीत मिळाली आणि घेतली नाही तर अनामत गेली.
तिसऱ्या फेरीत मिळाली आणि घेतली नाही तर अनामत गेली आणि पुढची फेरीही बंद.
स्ट्रे फेरीत (उरलेल्या जागांची शेवटची फेरी) जागा मिळाली आणि रुजू झाला नाहीत, तर अनामत जाते आणि पुढच्या वर्षीच्या नीटला बसण्यावर बंदी येते.

म्हणजे ज्याला रिपीट करायचंय त्याच्या हातून रिपीटचं वर्षच जातं. स्ट्रे फेरीत 'बघूया तरी काय मिळतंय' म्हणून पन्नास कॉलेजं भरायची नाहीत. मिळालं तर नक्की जाणार, अशीच कॉलेजं भरायची. तशी नसतील तर त्या फेरीत उतरूच नका.

अनामत अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या गटाला १० हजार, राखीव गटांना ५ हजार. अभिमत विद्यापीठांसाठी सगळ्यांना २ लाख. अभिमतचा पर्याय सहज टिकमार्क करणाऱ्या पालकांनी हा आकडा आधी बघावा. यंदाचं माहितीपत्रक आलं की त्यातून खात्री करून घ्या, नियम दरवर्षी नव्याने छापले जातात.

---

पानगळ | २२ जून, दुपारी १२:४०

आणि राज्याच्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या प्रवेश फेऱ्यांमध्ये?

---

ओळंबा | २२ जून, दुपारी १:२०

राज्याचा ८५ टक्के कोटा सीईटी सेलकडे, १५ टक्के अखिल भारतीय कोटा एमसीसीकडे. दोन्हींची नोंदणी वेगळी, एक केली की दुसरी आपोआप होत नाही. राज्यात मुख्य गोष्ट म्हणजे स्टेटस रिटेन्शन. मिळालेल्या जागेवर समाधानी असाल तर रिटेन्शनचा फॉर्म भरून द्यायचा, तो दिला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. दिला नाही तर पुढच्या फेरीत तुमचा विचार होतो आणि वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप जाते, ती परत मिळत नाही. म्हणून पसंतीक्रमात हातातल्या कॉलेजच्या वर फक्त तेच कॉलेज ठेवा जिथे हे सोडून खरंच जाल.

---

निशिगंध | २२ जून, दुपारी ३:१०

यालाच जोडून, बीडीएस किंवा बीएएमएसला प्रवेश घेऊन शेजारी नीटची तयारी करणारे खूप असतात. त्यांनी प्रवेश घेण्याआधी कॉलेजला दोन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर माहितीपुस्तिकेत छापलेलं दाखवायला सांगावं. एक, कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर किती शुल्क परत मिळतं. दोन, त्या तारखेनंतर सोडलं तर उरलेल्या वर्षांचं शुल्क किंवा दंड भरावा लागतो का.

पण पैशांपेक्षा मूळ कागदपत्रांचा प्रश्न मोठा. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका कॉलेज जमा करून घेतं. पुढच्या वर्षी एमसीसीकडून जागा लागली की रुजू होताना मूळ प्रती लागतात. 'मूळ कागदपत्रं आमच्याकडे जमा आहेत' असं आधीच्या कॉलेजचं पत्र नेलं तर ते चालत नाही, हे एमसीसीने स्पष्ट लिहिलेलं आहे. रुजू व्हायला मोजके दिवस असतात, आणि तेवढ्यात आधीच्या कॉलेजमध्ये प्रवेश रद्द करून कागद सोडवून आणणं म्हणजे धावाधाव. परीक्षेनंतर गुण चांगले येणार असा अंदाज आला की मे महिन्यातच रद्द करण्याची प्रक्रिया, लागणारी सही, थकबाकी हे सगळं विचारून ठेवा.

---

सरळरेषा | २२ जून, दुपारी ४:००

निशिगंध, माहिती बरोबर आहे, पण मला ही वाटच मुळात मान्य नाही. बीडीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, शिवाय दंतरचनेचं मेणावर कोरीवकाम, आणि हजेरीची सक्ती. संध्याकाळी थकून येऊन रोटेशनल मोशन होत नाही. दोन्हीकडे अर्धं अर्धं होतं. पूर्ण वर्ष द्यायचं असेल तर पूर्ण द्या.

---

निशिगंध | २२ जून, दुपारी ४:३५

ज्याला फक्त १०-१५ गुण कमी पडलेत त्याच्यासाठी मान्य. पण ज्याचा हा तिसरा प्रयत्न आहे, त्याच्या हातात जागा असणं याला किंमत आहे. दोन पूर्ण वर्षं दिली आणि तीन आकड्यांचा तक्ता जसाच्या तसा राहिला, चुकांची अक्षरं तीच, प्रमाण तेच, तर तिसरं पूर्ण वर्ष हाताशी काही न ठेवता देऊ नये. जागा घ्यावी आणि एखादा प्रयत्न तिच्या सोबत करावा. ज्यांना तेही नको त्यांनी पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटातून एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म तरी भरावा. फार्मसी आणि कृषीचे दरवाजे त्याने उघडे राहतात, आणि अभ्यास नव्वद टक्के तोच आहे.

---

भीमाकाठ | २२ जून, सायंकाळी ६:१५

कागदपत्रांची यादी देतो, कोणती नवी काढायची आणि कोणती जुनी चालतात अशी विभागून. रिपीटरचा गोंधळ नेमका इथे होतो. 'गेल्या वर्षी सगळं केलेलं आहे' म्हणून फाइल उघडली जात नाही आणि जुलैत कळतं की निम्मी कालबाह्य आहे.

जुनी चालतात: वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता. वैधता अजून निघाली नसेल तर रिपीटच्या वर्षात पहिलं काम ते. पावती दाखवून वेळ मारून नेता येईल यावर विसंबू नका.

नवी लागतात: ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला) दरवर्षी, कारण ते मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर असतं. नॉन-क्रिमीलेयरवर खाली ३१ मार्च अशी मुदतीची तारीख असते, तिचं साल बघा. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला नव्याने, ठरलेल्या नमुन्यात. आणि खंडाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट: बारावी अमुक साली झाली, त्यानंतर कुठेही प्रवेश घेतलेला नाही. प्रवेश घेऊन सोडला असेल तर तसं खरं लिहा आणि त्या कॉलेजचा दाखला जोडा. खोटं प्रतिज्ञापत्र पुढे कधीही उघडं पडतं आणि प्रवेश रद्द होतो.

ओबीसींसाठी वेगळं: अखिल भारतीय कोट्यात केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण फक्त राज्याच्या कोट्यात आहे. त्यामुळे मराठा विद्यार्थी अखिल भारतीय कोट्यात खुल्या गटात येतात, किंवा निकषात बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढून त्या गटात. तहसीलमध्ये अर्ज करतानाच 'केंद्र शासनाचा नमुना' असं सांगा, नाहीतर हातात राज्याचाच पडतो.

नीटचं प्रवेशपत्रही छापून ठेवा. कौन्सिलिंगला मागतात.

---

चाफेकळी | २२ जून, रात्री ८:२०

बारावीला पीसीबीत ४८ टक्के आहेत, प्रवर्ग खुला. नीट पुन्हा देऊन फायदा आहे का?

---

ओळंबा | २२ जून, रात्री ८:४५

नीट देता येईल, पण एमबीबीएसला प्रवेश मिळणार नाही. खुल्या गटाला पीसीबी मिळून ५० टक्के लागतात, राखीव गटांना ४०, दिव्यांगांना ४५. आधी मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून बारावी सुधारावी लागेल. ती फेब्रुवारीत आणि नीट मेमध्ये, म्हणजे एकाच वर्षात दोन्ही होऊ शकतं. मंडळाचा अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे भरावा लागतो, आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात आत्तापासून विचारत राहा. बारावीचा अभ्यास नीटसाठी वाया जात नाही, फक्त लिहिण्याचा सराव वेगळा ठेवावा लागतो.

---

सरळरेषा | २२ जून, रात्री ९:३०

सराव पेपरांवर. २०२५ पासून पेपर १८० प्रश्न, १८० मिनिटं आणि सगळे प्रश्न सक्तीचे. आधीचे २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे, २०० मिनिटांचे सराव संच बाजारात अजून आहेत. ते वापरलेत तर वेळेचा अंदाज चुकतो. वापरायचेच तर प्रत्येक विषयाच्या विभाग ब मधले दहाच प्रश्न ठेवा, बाकीचे खोडून टाका.

वेळेची वाटणी सांगतो, एक सुरुवात म्हणून. जीवशास्त्राचे ९० प्रश्न ४५ ते ५० मिनिटांत, रसायनशास्त्र ४५, भौतिकशास्त्र ६०. राहिलेल्या पंचवीस-तीस मिनिटांतली १२ ओएमआरची. १८० गोळे, प्रत्येकी ४ सेकंद, १२ मिनिटं होतात. हा वेळ मोजलेला नसतो म्हणून शेवटी पळापळ होते. शेवटी एकदम भरू नका. पुस्तिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोळे, आणि दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळतोय का ते बोट ठेवून बघायचं. एकदा सरकलं की पुढचे सगळे सरकतात. भरलेला गोळा बदलता येत नाही आणि दोन गोळे काळे केले तर ते चूक धरून एक गुण जातो.

सराव दुपारी २ ते ५ याच वेळेत. जेवणानंतर डोळे जड होतात, ती सवय शरीराला दोन महिने आधीच लावावी लागते. शेवटच्या दहा आठवड्यांत आठवड्याला तीनच पूर्ण पेपर. रोज एक दिला तर तपासायला वेळ उरत नाही, आणि न तपासलेला पेपर म्हणजे वाया गेलेले तीन तास.

---

पानगळ | २२ जून, रात्री ९:५५

तुक्का मारावा की नाही? क्लासमध्ये सांगतात अजिबात नाही.

---

सरळरेषा | २२ जून, रात्री १०:२०

गणित सांगतो. चारही पर्याय अनोळखी असताना मारलेल्या तुक्क्याची सरासरी अधिक पाव गुण. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर अधिक दोन-तृतीयांश. दोन खोडता आले तर अधिक दीड. म्हणजे दोन खोडले असतील तर सोडू नये, ते सोडणं हा तोटा आहे.

पूर्ण अंदाजाचे २० प्रश्न मारले तर ५ बरोबर येऊन ५ गुण वाढतील, पण फक्त ३ बरोबर आले तर ५ गुण जातील. एवढ्यासाठी वेळ घालवायचा नाही. आणि एक महत्त्वाचं: 'हेच वाटतंय' हा आंधळा तुक्का नसतो, तो त्याहून वाईट असतो. पेपर काढणारे अर्धवट आठवणाऱ्याला ओढून घेईल असाच पर्याय ठेवतात. सराव पेपरात अशा प्रत्येक उत्तराशेजारी पुस्तिकेत टिंब द्या. दहा पेपरांनंतर टिंबवाल्या उत्तरांतली बरोबर किती ते मोजा. पाचातलं एकही बरोबर येत नसेल तर पेपरात टिंबवाले प्रश्न सोडा. निम्मे बरोबर असतील तर बिनधास्त भरा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, क्लासचा सरसकट नियम कामाचा नाही.

---

भीमाकाठ | २३ जून, सकाळी ८:००

माध्यमाबद्दल. फॉर्म भरताना काही पालक मराठी निवडतात, पोराला सोपं जाईल म्हणून. मराठी पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळतो, पुस्तिका इंग्रजी-मराठी दोन्हींत असते, आणि भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरतात. अकरावी-बारावी विज्ञान ज्याने इंग्रजीतून केलं त्याला मायटोसिस-मिओसिस माहीत असतं. 'अर्धगुणसूत्री विभाजन' हा शब्द दहावीनंतर त्याने पाहिलेलाच नसतो, तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया हे आठवायला दोन सेकंद जातात. शिवाय परराज्यातलं केंद्र निवडता येत नाही. ज्या भाषेत दोन वर्षं अभ्यास केला तीच निवडा. माध्यम बदलून गुण वाढत नाहीत.

---

ओळंबा | २३ जून, सकाळी १०:१०

फॉर्म दरवर्षी नवा, अर्ज क्रमांक नवा. मागच्या वर्षीचा लॉगिन चालत नाही. एकाच विद्यार्थ्याचे दोन अर्ज झाले तर गोत्यात याल, म्हणून सायबर कॅफेत 'अडकला, पुन्हा भरतो' असं होऊ देऊ नका. बारावी उत्तीर्ण झालेल्यांनी पात्रता परीक्षेचा कोड ०१ निवडायचा नाही, तो त्या वर्षी बारावीला बसणाऱ्यांचा आहे. आधारवरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या, तेही दिवाळीपूर्वी. यंदा शुल्क खुल्या गटाला १,७०० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १,६००, एससी, एसटी आणि दिव्यांगांना १,०००.

पासपोर्ट आकाराच्या फोटोच्या आठ-दहा आणि चार बाय सहा इंचांच्या दोन-तीन प्रती एकाच वेळी काढा, पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसले पाहिजेत. फॉर्मवरचाच फोटो परीक्षेच्या दिवशी आणि कौन्सिलिंगलाही लागतो.

---

चाफेकळी | २३ जून, सकाळी ११:००

यंदाचे गुण पुढच्या वर्षी वापरता येतील का, समजा पुढच्या वर्षी कमी पडले तर?

---

ओळंबा | २३ जून, सकाळी ११:२५

भारतातल्या प्रवेशासाठी नाही. त्या वर्षीचे गुण त्या वर्षापुरते. परदेशात एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी तीन वर्षं चालतात.

---

निशिगंध | २३ जून, दुपारी १:४०

पालक हा धागा वाचत असतील म्हणून लिहिते. वरचा १८० ओळींचा तक्ता मुलाने स्वतः करायचा आहे, त्याच्या शेजारी बसून प्रत्येक 'भ' वर बोलू नका. निकालानंतरचे दोन आठवडे त्याला काहीच करू न दिलं तरी चालतं. जेवण तुटलं, झोप उडाली, खोलीबाहेर येणं बंद झालं तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. रिपीट करायचं की नाही हे ठरवणं त्यानंतर. पहिल्या फेरीला अजून वेळ आहे.

---

पानगळ | २३ जून, रात्री ९:०५

सरळरेषा, तक्ता केला. १२६ बरोबर, ३७ चूक, १७ कोरे. गुण ४६७. चुकांमध्ये न ९, अ १४, व ७, ग ५, भ २.

---

सरळरेषा | २३ जून, रात्री ९:४०

व, ग, भ मिळून १४, म्हणजे ७० गुण. 'अ' चे १४ कुठल्या धड्यांतले आहेत ते बघा. निम्म्याहून जास्त दोन-तीन धड्यांत गोळा झाले असतील तर तिथून सुरुवात करा, बाकीची पुस्तकं ऑगस्टपर्यंत उघडू नका. धड्यांची नावं इथे टाका.